हे खरे नाही

माझं काम प्रश्न लिहिण्याचं होतं. डहाणूला स्टेशनजवळ कपड्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे आमच्या आमदारांचं कार्यालय. ते विधान परिषदेचे सदस्य. त्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य तलासरीकडच्या शाळांमध्ये शिकवण्यात घालवलं होतं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. लोक सकाळपासून यायचे. कोणाचा दाखला अडलेला, कोणाच्या पाड्यावरची बोअर आटलेली. सर ऐकायचे आणि त्यातलं जे सभागृहात विचारण्यासारखं असेल ते मला लिहायला सांगायचे.

चिखल्याला, किनाऱ्यावरच्या आमच्या गावात, माझी आई बोंबील वाळत घालता घालता शेजारणींना सांगायची, माझी पोरगी मंत्र्यांना सवाल करते. मी तिला कितीदा म्हटलं की सवाल सर करतात, मी फक्त लिहून देते. तिला तो फरक मान्य नव्हता.

प्रश्न लिहायची एक ठरलेली रीत असते. आधी घडलेली गोष्ट सांगायची आणि शेवटी जोडायचं, ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?’ मग ‘चौकशीत काय आढळून आले?’ आणि सगळ्यात शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सुरुवातीला मी एम.ए. मराठीच्या तोऱ्यात होते. हृदयद्रावक, अक्षम्य, असले शब्द घालायचे. सर लाल पेनने एकेक शब्द काढून टाकायचे. म्हणायचे, मंत्र्याला पळायची वाट विशेषणातूनच मिळते, तो विशेषण नाकारतो आणि गोष्ट तशीच राहते.

त्या काळात आमच्या डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत जमीन हलत होती. आधी आवाज यायचा, दूर कुठे सुरुंग लावल्यासारखा, मग भांडी वाजायची. किनाऱ्याला आम्हाला कमी जाणवायचं. आत, डोंगराच्या बाजूला, लोक घर सोडून अंगणात झोपायचे. सरकारने तंबू दिले होते. ते उन्हात तापायचे आणि पावसात गळायचे. शाळा झाडाखाली भरायच्या. सगळ्यात वाईट होतं ते माणसांचं बोलता बोलता थांबणं. समोरचा वाक्याच्या मध्येच गप्प व्हायचा आणि जमिनीकडे बघायचा. मग काही झालं नाही की पुढचं बोलायचा.

ती बाई आली तेव्हा भातकापणी संपत आली होती. झरीच्या पुढे एका पाड्यावर राहायची. वय तिशीच्या आतलं. हंगामात घोलवडकडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायची, नवरा वीटभट्टीवर. घरात एक लहान मुलगी आणि कानाने ऐकू न येणारी सासू. नवरा जाऊन महिना झाला असेल. ती एकटीच आली होती, हातात कसला कागद नाही, बरोबर सरपंच नाही. दाराशी चपला काढून उभी राहिली. सरांनी तीनदा सांगितलं तेव्हा खुर्चीवर बसली, तीही कडेला.

तिने सगळं सावकाश, बाजारात बोलतात तशा मराठीत सांगितलं. मध्येच तिच्या घरची बोली यायची, मग ती थांबून शब्द बदलायची. संध्याकाळची वेळ होती. ती हातपंपावर होती. जमीन हलली आणि पाड्यावरची सगळी माणसं बाहेर पळाली, तिचा नवराही मुलीला उचलून बाहेर आला. मग त्याला दिसलं की म्हातारी आतच आहे. तिला आवाज ऐकू गेला नव्हता, हाका ऐकू जाणार नव्हत्या. त्याने मुलगी शेजारणीकडे दिली, आत गेला आणि म्हातारीला दारातून बाहेर ढकललं. ती उंबऱ्याबाहेर पडली. तो दारात पोचायच्या आधी बाजूची भिंत अख्खी आत आली.

घर सरकारी घरकुलाचं होतं, विटांचं. पाड्यावरची बाकीची बरीच घरं कुडाची, कारवीच्या काठ्या आणि माती. ती हलली, त्यांची माती थोडी झडली आणि ती उभी राहिली.

सरांनी विचारलं, मदतीचा अर्ज केलास का? तिने नाही म्हणून मान हलवली, तलाठी येऊन गेले होते, ते बघतील म्हणाले होते. मग म्हणाली, “मी त्याच्यासाठी नाय आले, सर. तुम्ही सरकारला विचारता ना? मग विचारा, पक्कं घर का पडलं आणि कुडाचं का नाय पडलं.”

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन पाड्यावर गेले. पडलेली भिंत कोणी उचलली नव्हती. एका विटेच्या जाडीची होती. उभ्या राहिलेल्या तीन भिंतींत कुठे काँक्रीटचा पट्टा नव्हता, कोपऱ्यांत सळई नव्हती. जमीन हलते हे ठाऊक असलेल्या भागात सरकारी आराखड्यावर अशी घरं बांधली जात होती. सर भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. म्हातारी तंबूच्या तोंडाशी बसून आमच्याकडे बघत होती. आम्ही कोण, हे तिला कोणी समजावलं असेल की नाही, कोण जाणे.

त्या रात्री घरी मी प्रश्न लिहिला. एकही विशेषण घातलं नाही. दोन्ही तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसत असताना घरकुलाची भिंत कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? या भागातील घरकुले भूकंपरोधक पद्धतीने बांधलेली नाहीत, हे खरे आहे काय? सरांनी लाल पेन उचललं, वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारला गेला. तारांकित म्हणजे मंत्र्याने छापील उत्तर द्यायचं आणि वर सभागृहात उभं राहून सदस्यांच्या उपप्रश्नांनाही तोंड द्यायचं. छापील उत्तर खात्यातले लोक लिहितात. उपप्रश्नाचं उत्तर मंत्र्याला स्वतःच्या तोंडाने द्यावं लागतं. सर म्हणायचे, आपल्याकडे जे काही आहे ते त्या दोन-चार मिनिटांत आहे.

त्यांनी तिला मुंबईला न्यायचं ठरवलं. अधिवेशन उन्हाळ्याच्या तोंडावर होतं. गॅलरीचे पास काढले. मला ते बरोबर वाटत होतं की नाही, आठवत नाही. तिला यायचं होतं एवढं खरं. पहाटे तलासरीहून सरांच्या गाडीने निघालो. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून आणली होती, आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी. विधानभवनाच्या फाटकावर तपासणीच्या बाईने ते गाठोडं बाजूला ठेवायला लावलं. ती तिला भाकऱ्या उलगडून दाखवायला लागली, त्यात काही नाही म्हणून. मी तिचा हात धरून तिला आत नेलं.

त्या दिवसाची प्रश्नोत्तरांची यादी छापून आली होती. सरांनी आमचं पान उभ्या उभ्या वाचलं. मग यादी मिटली आणि माझ्या हातात दिली. “तिला तूच सांग,” एवढं म्हणाले आणि सभागृहाकडे गेले. त्यांची चाल मला वेगळी वाटली.

उत्तर असं होतं: ‘(१) हे खरे नाही. सदर इसम मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत घरात गेला असता, अतिवृष्टीमुळे कमकुवत झालेली भिंत कोसळून त्याचा मृत्यू झाला. (२) हे खरे नाही. घरकुलांचे बांधकाम विहित निकषांनुसार करण्यात आले आहे. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो होतो. मी तिला भिंतीचं सांगितलं, पाऊस लिहिलाय म्हणाले. ती म्हणाली, पाऊस तर दसऱ्याच्या आधीच गेला होता. मी हो म्हटलं आणि कागदाची घडी करायला लागले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“अजून लिहिलंय ना, ताई?”

मी सांगितलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. माणसं वर-खाली जात होती, कोणाच्या तरी मागे दहा जण धावत होते. मग ती हळू म्हणाली, “तो पिऊन नव्हता. पिऊन असता तर त्याला आईची आठवण राहिली असती का?”

मग तिने विचारलं, हे कोणाकोणाला दिलंय? मी म्हटलं, सगळ्या सदस्यांना देतात, पत्रकारांना देतात. एक प्रत ग्रंथालयात जाते.

“म्हणजे सगळ्यांना,” ती म्हणाली.

गॅलरीत बोलायचं नसतं, पाय पुढे करायचे नसतात, हातात कागदसुद्धा धरायचा नसतो. आम्ही वरून बघत बसलो. आमचा प्रश्न यादीत खाली होता. वरचे दोन प्रश्न झाले आणि तिसऱ्याला गोंधळ सुरू झाला. कशावरून, ते मला आज सांगता येणार नाही. आमच्याकडच्या कशाशी त्याचा संबंध नव्हता. सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, घोषणा झाल्या, सभागृह तहकूब झालं. पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब झालं. त्या सगळ्यात सर आपल्या जागेवर उभे होते, हात वर करून. माईक बंद होता.

तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, मंत्री कुठला? मी दाखवला. तो शेजारच्याशी काहीतरी बोलत होता आणि हसत होता. वाईट माणूस वाटत नव्हता. तिने विचारलं, त्याने आमचं घर पाहिलंय का? मी नाही म्हटलं. “मग त्याला दारूचं कोणी सांगितलं?” एवढं तिने विचारलं आणि गॅलरीतल्या शिपायाने आमच्याकडे बोट दाखवलं, म्हणून मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्नोत्तराचा तास संपला. पीठासीन अधिकाऱ्यांनी सांगितलं की उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली आहेत असं समजावं. म्हणजे आमचं उत्तर कोणी न विचारता, कोणी न अडवता कामकाजात जाऊन बसलं. छापलं होतं तसं.

परत येताना हायवेवर चारोटी लागलं. तिथे चहाला थांबलो तेव्हा सरांनी तिला समजावून सांगितलं. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून तलाठ्यापर्यंत आणि पोलीस ठाण्यापर्यंत. मग उत्तर त्याच वाटेने वर चढतं. प्रत्येक पायरीवर कोणीतरी स्वतःला वाचवतं. भूकंपाने भिंत पडली म्हटलं तर घर कोणी असं बांधलं हा सवाल येतो. पावसाने पडली म्हटलं तर येत नाही. आणि माणूस दारू प्यालेला होता म्हटलं तर कोणी काहीच विचारत नाही. ती ऐकत होती. चहा तिने तसाच ठेवला होता.

त्यानंतरचे महिने सरांनी प्रत्येक पायरीवर जाऊन पाहिलं, मी बरोबर असायचे. खालचा म्हणायचा, आम्ही एवढंच लिहिलं की भिंत पडली, बाकीचं वर घातलं असेल. वरचा म्हणायचा, आमच्याकडे खालून तसंच आलं. एका टेबलावर तर साहेबांनी सरांनाच विचारलं, सर, एवढ्या एका माणसासाठी तुम्ही का धावता? इतके धक्के बसतायत, इतकी घरं तडकलीयत. सर म्हणाले, त्या सगळ्या घरांसाठीच धावतोय. हा एक माणूस खरा ठरला तरच ती घरं खरी ठरतील. साहेबांनी चहा मागवला.

सरांना साखरेचा आजार होता. त्या दिवसांत पाय सुजायचे, जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. माझी झोप गेली होती. चिखल्याला रात्री फळीवरची ताटं नुसती उंदरांनी वाजली तरी मी उठून बसायचे. आई म्हणायची, सोड ती नोकरी, माझ्याबरोबर बाजारात बस. मी म्हणायचे, उद्या सांगते.

पावसाळी अधिवेशन तसंच गेलं, मग हिवाळ्यात नागपूरचं आलं. उत्तराने समाधान झालं नाही तर सदस्याला अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. सरांनी मागितली आणि ती मिळाली. कामकाज संपता संपता, सगळे उठून गेल्यावर ही चर्चा होते. मी डहाणूलाच थांबले होते, ती त्या दिवशी चिकूच्या वाडीतून थेट कार्यालयात आली. आम्ही दोघी माझ्या फोनवर थेट प्रक्षेपण बघत बसलो. बाकं जवळजवळ रिकामी होती. मंत्री आले नव्हते, त्यांच्या जागी राज्यमंत्री उत्तर द्यायला बसले होते. सर उभे राहिले तेव्हा तिने पदर नीट केला, जणू त्यांना ती दिसणार होती.

सर पाढे म्हणवून घेतात तसं सावकाश बोलले. मृताच्या रक्ताची तपासणी झाली होती का? नसेल तर तो प्यालेला होता हे कशावरून लिहिलं? त्याला प्यालेला पाहिलं असं सांगणारा एक तरी माणूस आहे का? आणि पावसाने भिंत पडली असेल तर त्याच पावसात भिजलेलं शेजारचं कुडाचं घर कसं उभं आहे?

राज्यमंत्र्यांनी सन्माननीय सदस्यांच्या भावनांची दखल घेतली. सर म्हणाले, “मी भावना सांगत नाही, माहिती विचारतो आहे.” राज्यमंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. एक चिठ्ठी आली, त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. आणि मग, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं, त्यांनी सरळ सांगितलं की रक्ताची तपासणी झाल्याचं त्यांच्यापुढच्या कागदांत दिसत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या घरकुलांची तपासणी करू, या मृत्यूची फेरचौकशी करू आणि अहवाल सभागृहापुढे ठेवू.

“म्हणजे झालं?” तिने विचारलं.

मी तिला सांगितलं की मंत्री सभागृहात करू म्हणाला की त्याला आश्वासन म्हणतात. ते नोंदवून घेतात. त्याच्यावर लक्ष ठेवायला आमदारांचीच एक समिती असते. ते पुरं होईपर्यंत खात्याला सुटका नसते. हे मी खूप खात्रीने सांगितलं. ती उठली, खाली गुजराती फरसाणवाल्याकडे गेली आणि मुलीसाठी जिलबी घेऊन पुन्हा वर आली, त्यातली एक माझ्या हातावर ठेवायला.

चौकशीला उन्हाळा उजाडला. त्याबद्दल मला तिनेच येऊन सांगितलं. एक साहेब जीपने आले होते, बरोबर लिहून घेणारा. साहेब चांगले होते. खाट नको म्हणाले, खालीच बसले, पाणी मागून प्याले. सगळं विचारलं, म्हातारीलाही खुणांनी विचारलं, भिंत बघितली. ती खूश होती. एवढं सगळं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, म्हणाली. मी सरांना फोन करून सांगितलं आणि सरांचा आवाजही कितीतरी दिवसांनी हलका वाटला.

आश्वासनाची पूर्तता झाल्याचा खात्याचा अहवाल पावसाळ्यात आला. सरांनी वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कागद माझ्याकडे सरकवला. सगळं होतं त्यात. फेरचौकशी केली, जबाब नोंदवले. भिंत कोसळण्याचं कारण निश्चित करता येत नाही, घरकुलांची तांत्रिक तपासणी ‘टप्प्याटप्प्याने’ करण्यात येत आहे. आणि शेवटी दोन वाक्यं: ‘मृताच्या पत्नीने मृत व्यक्ती ताडीचे सेवन करीत असल्याचे जबाबात मान्य केले आहे. सबब, आश्वासनाची पूर्तता झाली असल्याने ते वगळण्यात यावे.’

आम्ही पाड्यावर गेलो. तिने मोडक्या घराच्या जोत्याला लागून कुडाचं घर उभं केलं होतं, मातीने नुकतंच लिंपलेलं. सरांनी तिला विचारलं, साहेबांनी ताडीचं काही विचारलं होतं का? ती म्हणाली, हो, जाताना विचारलं होतं. उठता उठता, सहज. तुमच्याकडे ताडी घेतात का, तुझा माणूस घ्यायचा का? तिने सांगितलं होतं की होळीला, लग्नात सगळेच घेतात, तोही घ्यायचा. साहेब हसले होते, आम्हीपण गावाकडचेच, म्हणाले होते.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिलाच कळलं. तिने विचारलं, लिहिलं का ते? मी हो म्हटलं.

“मी सणाला म्हटलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी सण नव्हता.”

म्हातारी दारात बसली होती. सुनेचा चेहरा बघून ती मोठमोठ्याने विचारायला लागली, काय झालं, काय म्हणतायत? तिला कोणी काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं, खुणेने? आम्ही निघालो तोवर ती विचारतच होती.

सरांनी समितीला लिहिलं की असं आश्वासन यादीतून वगळू नये. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मध्ये मंत्रिमंडळात बदल झाला. सरांच्या मुदतीतलं शेवटचं अधिवेशन होतं, त्यात त्यांनी औचित्याचा मुद्दा म्हणून, म्हणजे ऐनवेळी परवानगी मागून, विषय काढला. दोन मिनिटं मिळाली. नवे मंत्री उठले आणि नम्रपणे म्हणाले की मी खातं नुकतंच स्वीकारलं आहे, माहिती घेऊन सदस्यांना कळवतो. सर म्हणाले, “कळवाल तेव्हा मी सदस्य नसेन.” कोणीतरी हसलं. ते विनोदाने बोललेत असं वाटलं असणार.

मुदत संपली. कार्यालयाची खोली सोडली. सर आता घरीच असतात, एका पायाचं बोट काढावं लागलं. मी भेटायला जाते तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत असतात आणि अधिवेशनाच्या बातमीचं पान आलं की ते उलटून पुढे जातात. मी डहाणूत लोकांचे अर्ज भरून देण्याच्या एका केंद्रात काम करते.

पडताळलेलं असं काही मला सांगता येत नाही, पण एक गोष्ट घडली. तलासरीच्या एका गवंड्याने मला सांगितलं की नव्या घरकुलांच्या नकाशात आता खिडकीवरून चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा आहे आणि कोपऱ्यांत सळई आहे. कधीपासून, का, हे त्याला ठाऊक नव्हतं. वरून आलंय, म्हणाला. मी ते सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं की नकाशावर कारण लिहिलंय का? मी नाही म्हटलं. त्यांना बरं वाटलं की आणखी वाईट, ते माझ्या लक्षात आलं नाही.

तिला हे कळलं तेव्हा ती स्वतःहून डहाणूला आली आणि मला घेऊन नव्या आमदारांच्या कार्यालयात गेली. आमदार दौऱ्यावर होते, तिथे त्यांचे सहायक होते, वागायला नीट. तिने त्यांना विचारलं, भिंत पावसाने पडली होती ना? मग आता घरात सळई कशाला घालतात? त्या माणसाने संगणकावर काहीतरी शोधलं, फोन केला आणि मग मला उद्देशून सांगितलं की मॅडम, हा विषय निकाली निघालेला दिसतोय, आश्वासन वगळलं गेलंय. त्याच गोष्टीवर पुन्हा प्रश्न घेतील असं वाटत नाही. मग तिच्याकडे वळून म्हणाला, मावशी, मदतीचं काही राहिलं असेल तर सांगा. ती म्हणाली, मदत मिळाली.

आम्ही जिना उतरलो. खाली रिक्षांची गर्दी होती, म्हणून आडोशाला थांबलो. तिने पदराने तोंड पुसलं.

“ताई, मी त्या साहेबाला खोटं सांगितलं असतं, तो कधीच घ्यायचा नाय म्हणून, तर बरं झालं असतं का?”

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, मला माहीत नाही.

तिने ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणाली, उशीर झाला, मुलगी शाळेतून आली असेल. तलासरीकडची जीप भरत आली होती. ड्रायव्हरने हाक मारली. ती मागे दोन बायकांच्या मध्ये सरकून बसली आणि बाहेर वाकून मला म्हणाली की पुढच्या बाजाराला आईकडून थोडे सुके बोंबील आणून ठेव, म्हातारीला आवडतात. मी हो म्हटलं. जीप निघाली.